एकोणतीसचा पाढा

“इथं उघडायची नाही. घरी जाऊन उघडा,” असं म्हणत बिरादार बाईंनी खडूंच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि चिठ्ठ्या ढवळल्या.

आम्ही चौदा जण होतो. पहिली ते चौथी सगळी मिळून चौदा. उंबरटेकची अख्खी शाळा एका सतरंजीवर मावायची आणि वर सतरंजी उरायची.

“बाई, तुमची चिठ्ठी टाकली का?” ईश्वरीनं विचारलं. ईश्वरी सकपाळ, दुसरीतली. अंगानं एवढीशी, पण प्रश्न पोत्यानं.

“माझी कशाला गं?”

“म्हंजे तुम्ही काय शिकलाच नाय का या सहामाहीत?”

सतरंजीवर खसखस पिकली. बाईंनी मुकाट्यानं कागद फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं, चौघडी घातली आणि चिठ्ठी डब्यात टाकली. “झालं समाधान? पण मग मीसुद्धा एक उचलणार.”

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्या शाळेत बातमीचा दिवस. ज्याचं नाव आपल्या चिठ्ठीत निघेल त्याच्यावर पंधरा दिवस गुपचूप नजर ठेवायची, आणि या सत्रात तो काय नवीन शिकला ते लिहून सगळ्यांसमोर वाचायचं. बाई म्हणायच्या, “प्रगतीपुस्तकात मी लिहिते ते हापिसाला. हे तुमचं तुम्हाला.” बातम्या ऐकायला आया यायच्या, आज्या-आजोबा यायचे, आणि वडील फोनमधून यायचे. आमच्या गावातले जवळजवळ सगळे वडील नवी मुंबईत माथाडी. कोपरखैरण्याला गावाची एक खोली आहे, तिथं वीसजण राहतात. आणि उंबरटेकमध्ये रेंज येते ती फक्त शाळेच्या दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीवर नाही, तिसरीवर नाही. तर त्या दुसऱ्या पायरीवर उपडा तांब्या ठेवून त्यावर बाईंचा फोन ठेवायचा, आणि पलीकडे वीस माणसं एका फोनभोवती बसायची.

गेल्या वर्षी बातमी तोंडी सांगायची होती. तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मला पडल्या होत्या. या वर्षीपासून लिहून आणायची, असं बाईंनी जाहीर केलं.

संध्याकाळी मी माझ्या आजोबांच्या, आबांच्या होडीत जाऊन बसले आणि चिठ्ठी उघडली. बाईंचं सुबक अक्षर. निळी शाई. दोन शब्द.

मला ते वाचता आले नाहीत. शाई फुटली होती म्हणून नाही. मला वाचताच येत नव्हतं.

आता मी दहावीत आहे, आणि रोज सकाळी परिपाठात सहाशे मुलांपुढे बातम्या वाचते, तेही माइक किरकिर करत असताना. त्यामुळे हे कुणाला सांगितलं तर आधी कुणी खरंच मानत नाही. पण चौथीत, दहा वर्षांची असताना, मला ‘कमळ’सुद्धा वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट जगात मी सोडून कुणालाही माहीत नव्हती.

सांगते कसं ते. पहिलीत आमच्या गुरुजींची बदली झाली आणि पुढे बरेच महिने शाळेला कुणी नव्हतंच. आम्ही सकाळी यायचो, प्रार्थना म्हणायचो, खिचडी खायचो, घरी जायचो. दुसरीत बिरादार बाई आल्या. लातूरकडच्या, एकदम नव्या. आल्याआल्या त्यांनी एकेकाला जवळ बोलावून गोष्ट वाचायला दिली. माझ्या आधी माझ्याच वर्गातल्या दीक्षाचा नंबर होता. दीक्षानं ससा-सिंहाची गोष्ट घडाघडा वाचली, मी मागं बसून ऐकली. मग बाईंनी तेच पुस्तक माझ्या हातात दिलं. मला ऐकलेलं विसरता येत नाही, तो माझा दोषच आहे. मी बोट फिरवत अख्खी गोष्ट सांगितली, सिंहाचा आवाज काढून सांगितली. बाईंनी मला कुशीत घेतलं. म्हणाल्या, “काय गोड वाचलीस गं.”

तोवर मला शाळेत कुणी कुशीत घेतलं नव्हतं. आता सांगा, कुठल्या तोंडानं म्हणणार होते की बाई, मी वाचलंच नाही?

भिंतीवर बाईंनी पाच कप्पे लावले होते. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट. ज्याला जेवढं वाचता येईल त्या कप्प्यात त्याच्या नावाचं कार्ड. पोरं एकेक कप्पा वर चढायची, माझं कार्ड पहिल्या दिवसापासून थेट गोष्टीत. तिथून ते कधी हललं नाही. कविता मला एकदा ऐकून यायच्या. फळ्यावरचं मी असं सुंदर उतरवायचे की बाई माझी वही दुसऱ्यांना दाखवायच्या. पण माझ्यासाठी ती रांगोळी होती. ठिपके दिसले की रेघ काढायची. पाहुण्यांनी विचारलं तर अर्थ सांगता येत नाही, एवढंच. चाचणीत बाई सगळ्या वर्गांचे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि शेजारी दीक्षा असायचीच.

आणि पप्पा. गणपतीला आले तेव्हा त्यांनी गोष्टींची पाच पुस्तकं आणली होती, चकचकीत. स्वतः सातवीत शाळा सोडलेली, पण कोपरखैरण्याच्या खोलीत सांगायचे, “माझी ऋतुजा गोष्टीच्या कप्प्यात हाय.” त्यांनी मला पुस्तक वाचायला लावलं. ते मी आधी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. मग चित्रं बघून जी सुचली ती गोष्ट सांगितली. पप्पा हसून हसून लोळले आणि म्हणाले, “लिवणाऱ्याला बक्षीस दिलं पायजे.”

मी रात्रभर विचार करत होते की बक्षीस मला मिळेल की लिहिणाऱ्याला.

तर चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन मी ती चिठ्ठी भिंतीवरच्या एकेका कार्डाशेजारी धरली. मुलांची नावं मला वाचता येत नसली तरी ओळखता यायची, लांबून चालणारा माणूस चालीवरून ओळखतो तशी. चौदाच्या चौदा कार्डं झाली. एकही जुळेना. दोनदा बघितलं. मग डोक्यात उजेड पडला. भिंतीवर जिचं नाव नाही अशी शाळेत एकच होती.

मला बाई निघाल्या होत्या.

आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या अल्याड, आणि एसटी येते ती पल्याड कोंढवलीला. बाई रोज एसटीनं तिथवर यायच्या आणि तिथून आबांच्या होडीनं आमच्याकडे. होडीत पाणी झिरपायचं, ते डब्यानं उपसायचं काम माझं. त्यामुळे बाईंना शाळेत येताना रोज बघणारी शाळेतली एकटी मी.

आणि मला दोन वर्षं एक गोष्ट माहीत होती. बाई होडीत बसल्या की डोळे मिटायच्या. दोन्ही हातांनी फळी अशी धरायच्या की बोटं पांढरी पडायची, आणि ओठ हलत राहायचे. आबांना वाटायचं, बाई देवाचं नाव घेतात. मी पाणी उपसत त्यांच्या पायांशीच असायचे, म्हणून मला ऐकू यायचं.

“एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.”

दहापर्यंत जायच्या, परत एकेपासून सुरू. काठ लागेपर्यंत. काठाला उतरल्या की पदर झाडायच्या आणि एकदम बाई व्हायच्या. “काय गं ऋतुजा, गृहपाठ केलीस का?” मी कधी कुणाला सांगितलं नाही. एकतर त्या पाढ्यानं माझा फायदा झाला होता, अख्ख्या शाळेत एकोणतीसचा पाढा येणारी मी एकटीच. आणि दुसरं म्हणजे, लपवलेली वस्तू मला लांबून ओळखू यायची.

आता नजर ठेवायची म्हणून मी नीट बघू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई “एकोणतीस सक”ला आल्या आणि थांबल्या. मी वर बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या टोकावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, त्याच्याकडे बघत होत्या. होडी पुढं गेली, त्यांची मान वळत वळत मागं गेली. मग परत मिटले. दुसऱ्या दिवशी दोनदा उघडले. आठवड्यात असं झालं की अर्धं पाणी मिटून, अर्धं उघडून. आणि मग एक दिवस पाढाच नाही.

“आज बाई देव इसरल्या वाटतं,” आबा त्या उतरून गेल्यावर म्हणाले.

बातमी मिळाली होती, आणि काय बातमी होती. पण लिहायची कोणी?

“आबा, तुम्हाला लिहायला येतं का हो?”

“मला? आगं, मला सही करायला शाई न्हाय, आंगठा लागतो.”

दीक्षाला विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मला बाई निघाल्या, आणि नियम मोडला असता. आणि नियमापेक्षा मोठं ते दुसरं कळलं असतं. मग मी ईश्वरीला धरली.

“ये ईश्वरी, तुझी परीक्षा घेते. येतीस?”

ईश्वरी परीक्षेची भुकेली. जगात असं मूल मी दुसरं बघितलं नाही. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या उंबराखाली आम्ही बसायचो. मी शब्द सांगायचा, तिनं काटकीनं मातीत लिहायचा.

“सांग, होडी कसं लिहितात?”

ती लिहायची.

“बरोबर. आता डोळे.”

ती जिभेचं टोक बाहेर काढून लिहायची. तिचा ‘ळ’ म्हणजे फूल होतं, पोटात एक जादा वेटोळं. ती वर्गात गेली की मी मागं राहून मातीतलं वहीत उतरवायचे. रोज तीन-चार शब्द, ते पण उलटसुलट, म्हणजे तिला संशय नको. एकदा तिनं विचारलंच, “ताई, ही कसली परीक्षा हाय? होडी, पाढा, पाणी. धडा कुठलाय?”

“चौथीचाय.”

“मग आता तू वाच ना एक गोष्ट. मी एवढं लिवलं.”

ती दप्तरातून पुस्तक काढून द्यायची, मी तिच्याकडे बघत ससा-सिंह सांगायचे. ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहायची. कधी पुस्तकाकडे, कधी माझ्याकडे. मला वाटायचं, गोष्ट आवडतेय पोरीला.

बातमीच्या आदल्या दिवशी माझा कागद तयार झाला. चार ओळी. मी त्या मनात शंभरदा म्हटल्या.

बातमीच्या दिवशी शाळेपुढं झेंडूची तोरणं, सतरंजी बाहेर, आया भिंतीला टेकून, आबा होडी बांधून आलेले. बाईंनी दुसऱ्या पायरीवर तांब्या उपडा घातला, फोन ठेवला.

“हॅलो, येतंय का ऐकू?”

“येतंय, येतंय. बोला बाई,” पलीकडून पाच-सहा आवाज एकदम. “आरं गप बसा की, बाईंना बोलू द्या.” तो आवाज पप्पांचा. रविवार होता, सगळे खोलीवर होते. त्यांच्यासाठीच बाई सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या.

बातम्या लहानांपासून सुरू झाल्या. पहिलीतल्यांनी एकेक शब्द दाखवला. दुसरीतल्या एकाला दीक्षा निघाली होती, “दीक्षा भागाकार शिकली, पण चिडायची थांबली नाही.” हशा. दीक्षा चिडली. मग ईश्वरी उठली. तिनं कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“मला ऋतुजाताई निघाली.”

मी ताठ झाले. इतके दिवस मी तिची परीक्षा घेत होते, आणि ती माझ्यावर नजर ठेवत होती.

ईश्वरी बोट ठेवून वाचू लागली, सावकाश, एकेक शब्द फोडत. “ऋतुजाताई पुस्तकात न बघता वाचते. पुस्तक उलटं दिलं तरी वाचते. मी तीनदा उलटं दिलं. तिला कळलं नाही. मला अजून बघून वाचावं लागतं. मला पण तसं शिकायचं आहे.”

खाली बसली.

फोनमधून आधी कुणाचा तरी शिट्टीचा आवाज आला. मग टाळ्या. “उतेकर, पोरगी हाय का काय हाय रं? उलटं वाचती?” आणि पप्पांचा आवाज, सगळ्यांच्या वर, “मग? कुणाचीय?”

आयाही टाळ्या वाजवत होत्या. माझी आईसुद्धा. ईश्वरी माझ्याकडे बघून हसत होती, आपण किती छान बातमी दिली अशा तोंडानं. एकट्या बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या कप्प्यांकडे बघत होत्या, खिडकीतून दिसत होते ते. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हिशेब चुकलाय आणि कुठं चुकलाय ते आत्ता सापडलंय, असं माणूस स्वतःच्या वहीकडे बघतो तसं.

“पुढची बातमी,” त्या हळू म्हणाल्या. “ऋतुजा.”

मी उठले. कागद उघडला. चार ओळी, सगळ्या पाठ. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण आजवर मी बोलताना माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. आज पहिल्यांदा सगळ्यांची नजर माझ्या कागदावर होती. मीही कागदाकडे बघितलं. नुसत्या रांगोळ्या. आणि माझ्या डोक्यातून, ज्यातून आजवर काही गळलं नव्हतं त्या डोक्यातून, चारही ओळी गेल्या. पहिला शब्दसुद्धा आठवेना.

“वाच की बाळा,” पप्पा फोनमधून म्हणाले. “उलटा धर पायजे तर.”

खोलीत हसण्याचा गडगडाट झाला.

तेवढ्यात बाई उठून आल्या. माझ्या हातातून कागद घेतला. “हिचा घसा बसलाय,” त्या म्हणाल्या. “हिची बातमी मी वाचते.”

आणि मग त्यांनी कागद बघितला.

त्यांना कुठं माहीत होतं मला कोण निघालंय? मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे पहिल्या ओळीवर गेले आणि तिथंच थांबले. खालचा ओठ दातात गेला. मला एकदम कळलं की मी काय केलंय. दोन वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट मी अख्ख्या गावासमोर त्यांच्या हातात दिली होती.

बाई काहीही वाचू शकल्या असत्या. कुणालाही निवडून चार ओळी बनवल्या असत्या, दीक्षाबद्दल, ईश्वरीबद्दल. कागदात काय आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला कळलं असतं? मी तर बोलणारच नव्हते. कागद हातात धरून भलतंच बोलणं किती सोपं असतं ते मला माहीत होतं.

त्यांनी घसा खाकरला.

“मला बाई निघाल्या,” त्यांनी वाचलं. “बाई होडीत डोळे मिटून बसायच्या. भीती वाटू नये म्हणून एकोणतीसचा पाढा बोलायच्या. आता त्या डोळे उघडे ठेवून पाणी बघतात. पाढा लागत नाही.”

तोरणातलं एक फूल गळून खाली पडलं.

“बातमी खरी आहे,” बाई म्हणाल्या. कागद अजून तसाच धरलेला. “मी ज्या गावची, तिथं टँकरचं पाणी. एवढं पाणी मी इथं येईपर्यंत बघितलं नव्हतं. दोन वर्षं रोज वाटायचं, आज बुडते. सांगायची लाज वाटायची. तुम्ही म्हणला असता, ही कसली बाई, ही आमच्या पोरांना काय शिकवायली.”

“आवं बाई,” आबा खालून म्हणाले, “मी समजत हुतो तुम्ही देवाचं नाव घेताय. म्हणून मी बी गप ऱ्हायचो. न्हायतर दोन गोष्टी सांगितल्या असत्या.”

आधी आई हसली, मग सगळ्याजणी, मग बाई स्वतः. फोनमधून कुणीतरी म्हणालं, “बाई, आमच्यातल्या निम्म्यांना लिफ्टची भीती वाटती.” आणि तिकडंही हसणं सुरू झालं.

त्या हसण्यातच मी पायरीवर गेले. दुसऱ्या पायरीवर, तांब्याशेजारी बसले. अजून सांगता येत नाही की का गेले. बाई एवढ्या सगळ्यांसमोर उभ्या होत्या आणि त्यांना काहीच झालं नव्हतं, त्या बुडाल्या नव्हत्या, एवढंच दिसत होतं.

“पप्पा.”

“बोल गं, बसला व्हता ना घसा?”

“नाय बसला. ईश्वरीची बातमी खरी हाय. मी न बघता वाचते.” मी श्वास घेतला. “कारण मला बघून वाचता येत नाय. मला अक्षरंच येत नायत. गणपतीतली गोष्ट मी मनानं सांगितली.”

पलीकडे एकदम शांत झालं. इतकं शांत की मला वाटलं रेंज गेली. मी तांब्या थोडा सरकवला.

“पप्पा?”

“हाय मी हिथंच. ती गोष्ट, कोल्ह्यानं दुकान टाकल्याली. ती तुझी?”

“हां.”

“सगळी?”

“हां.”

मागं कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, पप्पा त्याला म्हणाले, “थांब रं.” मग मला म्हणाले, “बरं. बरं झालं सांगितलंस. मग आता शिकवणार कोण तुला?”

मी बाईंकडे बघितलं. बाई तोंड उघडणार, तेवढ्यात ईश्वरी सतरंजीवर उभी राहिली.

“मी.”

“तू कितवीला गं?” पप्पांनी विचारलं.

“दुसरी. पण तिला होडी, डोळे, पाढा आणि पाणी माझ्याकडूनच आलंय. मी मागं जाऊन बघितलंय, ती मातीतलं उतरवून घेती. मला वाटलं, तिला माझं अक्षर आवडतं.”

कार्यक्रम संपल्यावर, सगळे चिवडा खात असताना, बाईंनी मला आत बोलावलं. माझा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी ‘डोळे’ या शब्दावर बोट ठेवलं. “हा फुलाचा ळ. शाळेत एकच पोरगी असला काढते.” मी मान खाली घातली. मला वाटलं, आता येईल ते ओरडणं. बाई म्हणाल्या, “दोन वर्षं माझं तू कुणाला बोलली नाहीस. आणि तुझं मला दिसलं नाही. डोळे मिटून नुसती होडीतच बसत नव्हते गं मी.”

मग मी स्वतः खुर्चीवर चढले, ‘गोष्ट’मधून माझं कार्ड काढलं आणि ‘अक्षर’मध्ये टाकलं. पहिलीतल्या दोघांच्या शेजारी. बाईंनी खुर्ची धरली होती. माझं तोंड पडलेलं बघून म्हणाल्या, “तोंडानं सांगायच्या गोष्टीला कप्पा नाही माझ्याकडे. असता तर तिथं ठेवलं असतं.”

दुसरं सत्र म्हणजे काय सांगू. सकाळी होडीत बाई, मधल्या सुट्टीत ईश्वरी. दोघींत बाई बऱ्या. ईश्वरी हातावर काटकी मारायची आणि चूक झाली की म्हणायची, “काय करायलीस गं तू?” अगदी बाईंसारखं लातूरकडचं. होडीत बाई एका हातानं फळी धरायच्या, दुसऱ्या हातानं पुस्तक. डोळे पुस्तकात, पाण्यात, परत पुस्तकात. मला सगळ्यांत अवघड गेलं ते एकच, गोष्ट कुठं चाललीय ते आधीच ओळखून पुढचं बोलून टाकणं. बाई पान झाकायच्या. “अंदाज नको. बघ आणि मग बोल.” मी रडायचे, चिडायचे, आबा वल्हं थांबवून म्हणायचे, “पोरीला जरा दम खाऊ द्या की, बाई.” आणि बाई म्हणायच्या, “तुम्ही वल्हवा, आबा.”

मार्चपर्यंत माझं कार्ड ‘वाक्य’मध्ये गेलं. एप्रिलमध्ये ‘उतारा’. गोष्टीपर्यंत काही पोचलं नाही. चौथी संपली तेव्हा दीक्षा वरच्या कप्प्यात होती, ईश्वरी वरच्या कप्प्यात होती, आणि मी त्यांच्या एक पायरी खाली.

एक मे ला निकाल लागला. झेंडावंदन झालं, प्रगतीपुस्तकं वाटली आणि बाई सुट्टीला लातूरला निघाल्या. आबा त्यांना पल्याड सोडायला चालले, मी पाणी उपसायला. धरण खाली गेलं होतं. काठाला चिखल, मध्ये कधी काळी बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर आलेल्या. बाई दोन्ही हात मोकळे सोडून बसल्या होत्या आणि त्या भिंती बघत होत्या.

“काय लिवलंय गं पुस्तकात?” आबांनी विचारलं.

मी प्रगतीपुस्तक उघडलं. आधी पहिल्या सत्राचं पान. ते मिळालं होतं तेव्हा आईनं ते फक्त हळदीकुंकू लावून फळीवर ठेवलं होतं. बातमीच्या दिवसाआधीच बाईंनी ते लिहून ठेवलं असणार, कारण तिथं होतं, “वाचन उत्तम.” मी ते वाचलं, माझं पहिलं खोटं, बाईंच्या निळ्या शाईत. बाईंनी त्यावर रेघ मारली नव्हती. ते तसंच ठेवलं होतं.

मग दुसऱ्या सत्राचं पान. तिथं शेरा छोटा होता.

“थांबा, आबा,” मी म्हटलं. छापलेला उतारा जमायचा, पण हातानं लिहिलेलं अजून अडायचं. मी बोट ठेवलं. ‘ब’ला काही लागलेलं नव्हतं. पुढचं अक्षर मला नेहमी फसवायचं, ‘ध’ आणि ‘घ’ मला सारखेच वाटायचे. मी डोळे बारीक केले. अंदाज आला होता, पण अंदाज बोलायचा नव्हता. आबांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं. होडी आपली आपण वाहत होती. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम पाण्याकडे बघत होत्या.

“ब. घू. न,” मी म्हटलं. “बघून.”

“आन पुढं?” आबा म्हणाले.

“वा. च. ते.” मग मी एकत्र म्हटलं, मोठ्यानं, पार काठावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “बघून वाचते.”